फिगर स्केटिंगमधील आघात : वेदनाशमन आणि संधान यांतील अंतर

बर्फावरील फिगर स्केटिंग हा आपल्या प्रांतातला खेळ नव्हे. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासून आहे, आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडून येथे बंदिस्त रिंक बांधण्यात आली. महाराष्ट्रातील मुले मात्र प्रायः चाकांच्या स्केटवर शिकतात. तथापि त्यातील ‘आर्टिस्टिक’ प्रकारात उड्या त्याच, गिरक्या त्याच आणि पडणेही तेच. शिवाय अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुली प्रत्यक्ष बर्फावर शिकतात, आणि त्यांच्या आया दूरध्वनीवरून इकडच्या वैद्याला विचारतात, ‘‘घोटा दुखतोय, कोणतं तेल लावू?’’ या प्रश्नाला केवळ तेलाचे नाव सांगून उत्तर देणे घातक का ठरू शकते, हे वैद्यबंधूंच्या व औषधालयचालकांच्या निदर्शनास आणून द्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

खेळाचे स्वरूप आणि हेतुविचार

ज्या पात्यावर खेळाडू उभा असतो त्याची जाडी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. त्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात, आणि टोकाशी दाते असतात. डावीकडे फिरणारा खेळाडू उडीनंतर उजव्या पायावर, बाहेरच्या कडेवर, पाठमोरा उतरतो. उडीचा काळ सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात तीन किंवा चार फेरे पूर्ण करून एकाच पायावर उतरावयाचे. या क्षणी त्या पायावर शरीरभाराच्या पाच ते आठ पट भार येतो, असे मापनांत आढळले आहे. अशा उड्या एका सरावात पन्नास-साठ होतात, आणि सराव आठवड्यातून पाच-सहा दिवस चालतो.

पूर्वी असे नव्हते. १९५२ साली अमेरिकेच्या डिक बटनने स्पर्धेत पहिली तीन फेऱ्यांची उडी घेतली. चार फेऱ्यांची पहिली उडी कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ साली घेतली. बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याची परीक्षा, जिच्यावरून या खेळाला ‘फिगर’ हे नाव पडले, ती १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाली. तो सगळा वेळ उड्यांकडे गेला. २००४ पासूनच्या नव्या गुणपद्धतीत प्रत्येक उडीला व गिरकीला मोल ठरले. पाय डोक्यामागे धरून घेतलेल्या गिरकीला गुण मिळू लागताच कंबर आणि वंक्षणसंधी यांवर नवा ताण आला. सप्टेंबर २०२२ मध्ये इलिया मालिनिनने साडेचार फेऱ्यांची उडी स्पर्धेत प्रथम यशस्वी केली. अतिव्यायाम हा हेतू आपण चरकसंहितेत वाचतो. येथे तो नियमावलीतच दडलेला आहे.

बूट हाच बंध

या खेळाचे वैशिष्ट्य बुटात आहे, आणि निदान चुकण्याचे स्थानही तेच. फिगर स्केटिंगचा बूट घोट्याच्या वर जातो, टाच उंच असते आणि चामडे इतके कठीण असते की गुल्फसंधी जवळजवळ बांधला जातो. धावपटू उडीनंतर चवड्यावर उतरून घोटा वाकवतो व आघात जिरवतो. स्केटिंगपटूला ती मुभा कमी. मग तो भार गुडघा, वंक्षण आणि कटी यांच्याकडे जातो. घोटा दुखत नसला तरी गुडघ्याच्या वाटीखाली व कमरेत दुखते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत बंधाविषयी जो विचार सांगितला आहे तो या बुटाला तंतोतंत लागू पडतो. बंध शिथिल असेल तर संधी स्थिर होत नाही. गाढ असेल तर त्वचेपासून सूज, रुजा आणि पाक होतो. म्हणून मध्यम बंध प्रशस्त. नाड्या आवळून बांधणाऱ्या मुलीच्या घोट्याच्या पुढच्या बाजूस, नाडी जिथे आडवी जाते नेमक्या तिथे, कंडरेवर सूज येते. घोट्याच्या हाडावर बुटाच्या घर्षणाने पाण्याची गाठ धरते. टाचेच्या मागे हाड वाढल्यासारखा उंचवटा येतो.

या पाण्याच्या गाठीला ग्रंथी समजून अग्निकर्म करू नये व सुईने रिकामीही करू नये. बूट तोच राहिला तर गाठ पुन्हा भरते, आणि उघडी पडली तर पाक होतो. रुग्णाला बुटांसह बोलवावे, बूट घालून नाड्या बांधायला लावाव्यात, आणि गाठीच्या जागी चामडे आतून ताणून घ्यायला सांगावे. हे काम बुटाचा कारागीर करतो. गाठीभोवती मध्ये भोक असलेली मऊ चकती ठेवली की दाब सरकतो. येथे लेपाचे काम दुय्यम आहे. आमच्या मते या खेळातील निम्म्या पाददुखीची चिकित्सा पादत्राणापासून सुरू व्हावी. परंतु पंधरा मिनिटे बूट पाहण्याऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून देणे आपणा सर्वांस सोपे वाटते!

न दिसणारा भग्न

वाढत्या वयातील स्केटिंगपटूला सर्वांत घातक ठरतो तो स्ट्रेस फ्रॅक्चर. एका आघाताने न मोडता वारंवारच्या भाराने अस्थीला पडणारी ही सूक्ष्म भेग. सुश्रुतोक्त बारा कांडभग्नांत स्फुटिताशी तिचे साम्य लावता येईल. पायाच्या मधल्या लांब हाडांत, घोट्यापुढील नौकेच्या आकाराच्या अस्थीत, नळीच्या हाडात व कमरेच्या मणक्याच्या मागच्या भागात ती आढळते. रशियाच्या येवगेनिया मेदवेदेवाला २०१७ च्या हिवाळ्यात उजव्या पायाच्या हाडाच्या दुखापतीमुळे डिसेंबरमधील महत्त्वाच्या स्पर्धा सोडाव्या लागल्या होत्या. फेब्रुवारी २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये ती उतरली व तिने रौप्यपदक मिळवले.

लक्षणे फसवी असतात. आरंभी सरावाच्या शेवटी दुखते, रात्री थांबते. पुढे सरावाच्या आरंभापासून दुखते. नंतर चालतानाही दुखते. सूज अल्प किंवा नाहीच. अंगुलीच्या अग्राने दाबून पाहिले असता एकाच बिंदूत तीव्र वेदना होणे, आणि त्या पायावर एक उडी मारताच तीच वेदना उमटणे, ही खूण ध्यानात ठेवावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात भेग दिसेलच असे नाही. ‘‘एक्स-रे नॉर्मल आहे’’ एवढ्यावर मर्दन व स्वेदन सुरू करणारे चिकित्सक आम्ही पाहिले आहेत. एकाच बिंदूत वेदना असेल तर एमआरआय करवून घ्यावा व अस्थितज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. नौकाकार अस्थीतील भेग तर रक्तपुरवठा कमी असल्याने भरण्यास हट्टी असते; तिच्यावर अभ्यंग करीत सराव चालू ठेवल्यास भेगेचा पूर्ण भग्न होतो.

कमरेबाबतही तेच. मागे वाकून गिरकी घेणाऱ्या किशोरवयीन मुलीची कंबर मागे वाकताना, विशेषतः एका पायावर उभी राहून मागे वाकताना दुखत असेल, तर तिला कटिशूल म्हणून कटिबस्तीला निजवू नये. आधी मणक्याचे चित्र पाहावे.

‘अल्पाशी’ रुग्ण

भग्नचिकित्साध्यायाच्या आरंभीच सुश्रुताचार्य भग्न कष्टाने साध्य होणाऱ्यांची गणना करतात. त्यात पहिले नाव येते ते अल्पाशी, म्हणजे अल्प आहार घेणाऱ्या रुग्णाचे. हा शब्द आपण परीक्षेसाठी पाठ केला आणि पुढे विसरलो. फिगर स्केटिंगमध्ये तो मध्यवर्ती आहे.

हलके शरीर हवेत वेगाने फिरते. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे वजन रोज घेतले जाते, आणि शरीरात स्त्रीत्वाची चिन्हे दिसू लागताच तो जणू अपराध मानला जातो. रशियाच्या युलिया लिप्नित्स्कायाने २०१४ साली सोची येथे पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्णपदक मिळवले, आणि २०१७ साली क्षुधानाशाच्या मानसिक विकारावरील उपचारांनंतर तिने खेळ सोडल्याचे जाहीर झाले. अमेरिकेची ग्रेसी गोल्ड हिनेही २०१७ साली नैराश्य व आहारविकार यांच्या उपचारांसाठी खेळ थांबवला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचे ठरवले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

आधुनिक क्रीडावैद्यक याला सापेक्ष ऊर्जान्यूनता म्हणते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली ही संज्ञा मांडली. व्यायामाला लागणारी ऊर्जा आहारातून न मिळाल्यास शरीर प्रथम आर्तव थांबवते, मग अस्थींचे पोषण कमी करते. आपल्या भाषेत रसक्षय, आर्तवक्षय आणि शेवटी अस्थिक्षय. केस गळणे, नखे तुटणे, श्रम आणि संधिशैथिल्य ही चरकोक्त लक्षणे अशा मुलीत एकत्र दिसू शकतात, आणि ती चार वेगवेगळ्या तक्रारी म्हणून चार वेगवेगळ्या वैद्यांकडे जाते.

म्हणून पायाचे हाड दुखते म्हणून आलेल्या स्केटिंगपटू मुलीला मासिक पाळीविषयी विचारलेच पाहिजे. आई सोबत असेल तर उत्तर पुष्कळदा आईच देते, तेव्हा मुलीशी थोडा वेळ निराळे बोलावे; पुरुष वैद्याने सहकारी वैद्य भगिनीचे साह्य घ्यावे. तीन महिने पाळी नसेल तर ‘सरावामुळे असे होतेच’ हे उत्तर मान्य करू नये. कालच्या दिवसभरात काय काय खाल्ले ते लिहून घ्यावे. बंदिस्त रिंकमध्ये दिवसाची दोन्ही टोके घालवणाऱ्यांना ऊन मिळत नाही, यास्तव ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

चिकित्सा बृंहण. भग्नात सुश्रुताचार्य दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचे यूष व शालिधान्य सांगतात, तर लवण, कटू, अम्ल, क्षार, रूक्ष अन्न, आतप आणि व्यायाम वर्ज्य करतात. लाक्षासिद्ध दूध सकाळी द्यावे. परंतु ज्या मुलीला तुपाच्या चमच्याची भीती वाटते तिच्यापुढे पथ्याची यादी ठेवून उपयोग नाही. आधी एक पेला दूध, आठवड्याने त्यात तूप, असे चालावे; आणि अन्नाची भीती खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यात संकोच बाळगू नये.

घोट्याचे शंभर दिवस

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. जपानचा युझुरू हान्यू नोव्हेंबर २०१७ मध्ये ओसाका येथील स्पर्धेच्या सरावात चार फेऱ्यांची उडी घेताना पडला आणि त्याच्या उजव्या घोट्याच्या बाहेरील स्नायूला दुखापत झाली. (येथे स्नायू हा शब्द शारीरस्थानातील अर्थाने, म्हणजे संधी बांधणारा बंध या अर्थाने घ्यावा, व्यवहारातील मांसपेशी नव्हे.) उजवा, म्हणजे उतरण्याचा पाय. त्यानंतर तो थेट प्याँगचांगच्या ऑलिंपिकमध्येच स्पर्धेला उतरला आणि १७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याने सुवर्णपदक जिंकले. १९४८ व १९५२ च्या डिक बटननंतर सलग दोन ऑलिंपिक जिंकणारा तो पहिलाच पुरुष. दुखापतीपासून सुवर्णापर्यंत अवघे शंभर दिवस. ही कथा वर्तमानपत्रांनी येथेच संपवली.

वैद्याने पुढचे वाचावे. मार्च २०१८ ची जागतिक स्पर्धा त्याने घोट्यामुळे सोडली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉस्कोला तोच घोटा पुन्हा दुखावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा त्याच घोट्याने स्पर्धा सोडायला लावल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगला सरावात तो पुन्हा मुरगळला, आणि वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो अंतिम फेरीला उतरला व चौथा आला. जुलै २०२२ मध्ये त्याने स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. त्याचा निर्णय त्याचा होता, आणि ऑलिंपिक चार वर्षांनी येते हे खरेच. परंतु जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी चौदा वर्षांच्या मुलाला तोच मार्ग दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही, वैद्याला तर नाहीच.

सुश्रुताचार्यांनी संधी स्थिर होण्यास पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळ सांगितला आहे; आणि तोही अल्पदोष रुग्णाला, शीत ऋतूत सुकर. औषधाने हा काळ निर्वेध करता येतो, पुसता येत नाही. लाक्षादी गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अस्थिशृंखला ही द्रव्ये आम्ही नित्य वापरतो. पण हाडजोड दिली म्हणून महिन्याचे दोन आठवडे होतात, असे कोणत्याही पालकास सांगू नये. धोका हाच की आपली चिकित्सा वेदना लवकर शमवते. शोथ उतरला, वेदना गेली, की प्रशिक्षक म्हणतात, ‘‘दुखायचं थांबलं ना? मग उतरू दे!’’ वेदना गेली असते, स्नायूचे बल आलेले नसते. संधीची जाण, म्हणजे पाऊल कसे टेकले आहे हे न पाहता कळणे, ती तर सर्वांत शेवटी परतते. तीच परतली नसल्याने घोटा पुन्हा मुरगळतो.

आमचा क्रम थोडक्यात असा. पहिले तीन दिवस उष्ण स्वेदन व मर्दन पूर्ण वर्ज्य. न्यग्रोधादी कषायाचा शीत परिषेक, शतधौतघृतात कालवलेला मंजिष्ठा, यष्टिमधु व रक्तचंदन यांचा लेप, मध्यम बंध, पाय उंच. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल तर प्रथम क्ष-किरण चित्र. बंध सोडून पाहण्याचे अंतर शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवस. मुंबईच्या दमट हवेत त्वचेकडे पाहून ते आणखी कमी करावे. शोथ पूर्ण उतरल्यावर बला किंवा महानारायण तेलाचा हलका अभ्यंग आणि त्याबरोबर व्यायाम सुरू. दुखावलेल्या एकाच पायावर उभे राहणे, आधी डोळे उघडे, मग मिटून. एका पायावर टाच उचलण्याची आवर्तने दोन्ही पायांची सारखी होईपर्यंत उडी नाही. नंतर जमिनीवर उड्या, मग बर्फावर नुसते सरकणे, गिरक्या, एक फेऱ्याची उडी, दोन फेऱ्यांची. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज पाहावी. सूज असेल तर एक पायरी खाली.

शिरोमर्म

येथे विस्तार नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघायला सरावात हान्यू व चीनचा यान हान यांची टक्कर झाली आणि डोक्याला पट्टी बांधून हान्यू खेळला व वारंवार पडला. हे अनुकरणीय नव्हे. जानेवारी १९९६ मध्ये रिगा येथे येलेना बेरेझनायाच्या डोक्यात सहकाऱ्याच्या स्केटचे पाते घुसले. तिची वाणी गेली, ती पुन्हा बोलायला शिकली आणि २००२ साली ऑलिंपिक सुवर्णाची मानकरी झाली. असे पुनरागमन विरळा. डोक्यावर पडलेल्या मुलाला उलटी, गुंगी, विस्मरण, वाढती शिरोवेदना यांपैकी काहीही असल्यास नस्य, शिरोधारा इत्यादींचा विचारही न करता रुग्णालयात पाठवावे. लक्षणे सौम्य असली तरी त्याच दिवशी पुन्हा खेळ नाही.

औषधालयचालकांसाठी

डिसेंबर २०२१ मध्ये घेतलेल्या नमुन्यात रशियाच्या पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या शरीरात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरील औषध सापडले. आजोबांच्या औषधाचा संसर्ग झाला हा बचाव टिकला नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने तिला चार वर्षांची बंदी घातली. भारतात २०११ साली महिला रिले संघातील धावपटूंनी जिनसेंगच्या कॅप्सूलकडे बोट दाखवले, तरी बंदी टळली नाही. नियम असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. औषध आयुर्वेदीय आहे हे उत्तर चालत नाही.

आपल्या कपाटाकडे या दृष्टीने पाहावे. कुपीलूतील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणजे विषतिंदुक वटी तर गेलीच, पण अग्निमांद्यासाठी सहज दिली जाणारी अग्नितुंडी वटीही गेली. भांग निषिद्ध, म्हणून अतिसारात दिले जाणारे जातीफलादी चूर्ण नको. अहिफेनामुळे कर्पूररस नको. सोमकल्पातील इफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे निषिद्ध, आणि थंड रिंकमध्ये खोकला-श्वासाची तक्रार घेऊन येणारे खेळाडू पुष्कळ! सर्वांत मोठा धोका ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांचा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि तोंडाने घेतलेले स्टेरॉइडही स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

तेव्हा काउंटरवर गुडघ्याचे किंवा घोट्याचे औषध मागणाऱ्या तरुणाला, ‘‘स्पर्धा खेळता का?’’ हा एक प्रश्न विचारावा. होय म्हटल्यास घटकद्रव्यांची पूर्ण नोंद असलेलेच औषध द्यावे, बिलावर उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेची निषिद्ध सूची दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. तिची छापील प्रत औषधालयात ठेवावी आणि कुपीलू, भांग, अहिफेन व सोम असलेल्या कल्पांच्या बाटल्यांवर लाल चिठ्ठी लावावी.